मान धरेपर्यंत

आम्ही तिसगावच्या बचत गटांच्या बाया बोलतोय. आजचा विषय ऐकून काही जणींना वाटेल, हे आपलं नव्हे, शहरातलं आहे. मोटारीत तान्ह्या बाळाला बसवायची एक वेगळी सीट मिळते. तिला कारसीट म्हणतात. ती कशी आली, कशासाठी आली आणि बाळाला तिच्यात किती वेळ ठेवायचं, हे आज बघायचं आहे.

आपल्या दारात मोटार नसेल. पण आपली बाळं मोटारीत बसतातच. लेक बाळंतपणाला माहेरी येते ती जावयाच्या नाहीतर भाड्याच्या गाडीतून. दवाखान्यातून बाळंतीण घरी येते ती गाडीतून. मोहट्याच्या देवीला, मढीला कानिफनाथांच्या दर्शनाला, वृद्धेश्वरला बाळाला घेऊन जातो तेही आता गाडीतूनच. पुण्या-मुंबईला राहणारी पोरं येताना कारसीट घेऊन येतात, आणि मग घराघरात एकच बोलणं होतं. आजी म्हणते, "माझी मांडी असताना लेकराला खुर्चीला कशाला बांधता?" आमच्या बैठकीत हाच प्रश्न निघाला. प्रश्न खरा आहे. त्याचं उत्तर "आता असंच करतात" एवढ्यानं देता येत नाही. त्यासाठी जरा मागं जावं लागतं.

आपल्या भागात बाळाचा प्रवास शेकडो वर्षं माणसाच्या किंवा जनावराच्या चालीनंच झाला. आई बाळाला कडेवर घ्यायची. रानात जाताना लुगड्याच्या झोळीत पाठीला बांधायची, नाहीतर पाटीत दुपटं अंथरून, पाटी डोक्यावर घेऊन चालायची. धनगर बाया बिऱ्हाड घोड्यावर लादायच्या आणि त्या बिऱ्हाडावर कोंबड्या, कोकरं आणि लेकरं बांधून मेंढरांमागं निघायच्या. बैलगाडीत कडबा पसरून त्यावर बाळंतीण बसायची, बाळ मांडीवर. बैल तासाला तीन-चार किलोमीटर चालणार. गाडी खड्ड्यात गेली तर हिसका बसायचा, पण तो दोन हातांत मावायचा. मांडी पुरायची. पुरायची म्हणूनच मांडीवर इतका भरवसा बसला. आजीचा तो भरवसा अडाणीपणाचा नाही, पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाचा आहे.

त्याच अनुभवातून आपल्या आज्यांनी एक नियम घालून दिला. बाळ मान धरेपर्यंत उचलणाऱ्याचा एक हात मानेखाली पाहिजे. नवीन माणूस बाळ घ्यायला लागला की चार बाया एकदम ओरडतात, "मान सांभाळ!" न्हाऊ घालताना, कुंची बांधताना, पाळण्यात ठेवताना हात मानेखालीच. हा नियम ध्यानात ठेवा. पुढं सगळी गोष्ट त्याच्यावरच येणार आहे.

मग वेग आला. १८७८ साली दौंड-मनमाड रेल्वे सुरू झाली आणि आपल्या नगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, आगगाडी आली. पण आपल्या खेड्यातल्या बायांच्या आयुष्यात वेग आला तो एसटीनं. महाराष्ट्रातली पहिली एसटी १ जून १९४८ ला धावली ती पुणे-अहमदनगर याच रस्त्यावर. लाकडी बांधणी, काथ्याच्या गाद्या. त्याआधी माहेरी जायला बैलगाडीत दिवस जायचा. एसटीनं ते काही तासांवर आणलं. बाळंतिणीला दवाखाना जवळ आला. पुढं काळ्या-पिवळ्या जीप आल्या, मोटारसायकली आल्या. तिसगावातून जाणारा कल्याण-नांदेडकडचा रस्ता राष्ट्रीय महामार्ग झाला. करंजीच्या घाटातून आज गाड्या कशा येतात ते आपण रोज बघतो.

याच काळात आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने उभे राहिले. १९५० साली प्रवरेचा सहकारी कारखाना सुरू झाला, पुढं आपल्या पाथर्डी तालुक्यात वृद्धेश्वर कारखाना झाला. आणि आपल्या कोरडवाहू भागातली माणसं दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन उसाच्या फडाकडं निघू लागली. आधी बैलगाडीनं, मग टायरगाडीनं, आता ट्रकनं आणि ट्रॅक्टरनं. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या बायांनी बाळाची झोळी बाभळीला, लिंबाला बांधली होती. ती झोळी पुढं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला बांधली गेली. झोळी तीच, लुगडंही तेच. पण लिंबाचं झाड जागचं हलत नाही, आणि ट्रॉली तासाला तीस-चाळीस किलोमीटरनं पळते. झोळी उभ्या झाडासाठी होती, हा फरक कुणी आपल्याला सांगितला नाही.

या वेगाचा हिशोब आता करू. आपण गटाचा हिशोब करतो तसाच हा करता येतो. ४० च्या वेगानं चाललेली गाडी कशाला तरी धडकून एकदम थांबली, तर आतल्या माणसाला बसणारा मार साधारण २० फुटांवरून खाली पडल्याएवढा असतो. वेग ६० असेल तर ४५ फुटांवरून. गाडी थांबते, पण आतलं माणूस थांबत नाही, ते त्याच वेगानं पुढं जातं. ५० च्या वेगातल्या धडकेत क्षणभर आतल्या वस्तूचा जोर तिच्या वजनाच्या वीस-तीस पट होतो. म्हणजे ५ किलोचं बाळ त्या क्षणी क्विंटल-दीड क्विंटलचं होतं. बाजरीचं भरलेलं पोतं मांडीवरून उडालं, तर ते दोन हातांनी धरता येईल का? पैलवानालाही येणार नाही. आणि आईनं स्वतः पट्टा लावलेला नसेल, तर आईच पुढं फेकली जाते. मग बाळ समोरची सीट आणि आईचं अंग यांच्यामध्ये सापडतं. आई आणि बाळ दोघांभोवती मिळून एकच पट्टा बांधला तरी तेच होतं, आईचं सगळं वजन त्या पट्ट्यासकट बाळावर येतं.

म्हणून आजीला उत्तर द्यायचं ते असं द्यायचं: आई, तुमची मांडी कमजोर झाली नाही. गाडी जोरात पळायला लागली.

आता ही सीट आली कुठून ते बघू. परदेशात मोटारी आपल्या आधी आल्या, म्हणून तिथं हा प्रश्नही आधी आला. १९३० च्या दशकात तिथं मुलांसाठी मोटारीत खुर्च्या निघाल्या होत्या. पण त्या कशासाठी? पोर गाडीभर फिरू नये आणि त्याला खिडकीतून बाहेर दिसावं, एवढ्यासाठी. धडकेत त्यांचा काही उपयोग नव्हता. मोठ्या माणसांसाठी खांद्यावरून आणि कमरेवरून येणारा आजचा पट्टा स्वीडनच्या व्होल्वो कंपनीतल्या निल्स बोलिन या इंजिनिअरनं १९५९ साली केला. पण मोठ्याच्या मापाचा पट्टा पोराच्या मानेवर आणि पोटावर येतो. १९६२ साली ब्रिटनमध्ये जीन एम्स आणि अमेरिकेत लेनर्ड रिव्हकिन यांनी पोराला धडकेत वाचवायचं हे डोळ्यांपुढं ठेवून सीटा तयार केल्या.

खरी मोठी गोष्ट झाली ती १९६४ च्या सुमारास, स्वीडनमध्ये. बर्टिल आल्डमन नावाचे एक डॉक्टर होते. त्या वेळी अमेरिकेचे अंतराळवीर जेमिनी यानातून जायच्या तयारीत होते. रॉकेट सुटताना अंगावर येणारा जोर सगळ्या पाठीवर सारखा पसरावा, म्हणून ते पाठ टेकून, निजल्यासारखे बसायचे. ते बघून आल्डमन यांच्या मनात आलं की बाळालाही असंच बसवलं तर? गाडी पुढं चाललेली, पण बाळाचं तोंड मागच्या काचेकडं. समोरून धडक झाली की बाळ पुढं फेकलं जाणार नाही, ते सीटच्या पाठीत दाबलं जाईल. डोकं, मान, पाठ, तिन्ही एकदम टेकलेली राहतील. जोर एका मानेवर न येता सगळ्या पाठीवर वाटला जाईल.

मैत्रिणींनो, आज्यांचा तो नियम आठवा. मोठ्या माणसाचं डोकं उंचीच्या सातव्या-आठव्या हिश्शाएवढं असतं, नवजात बाळाचं चौथ्या हिश्शाएवढं. डोकं जड, मान कवळी, मणके अजून पुरते हाडाचे झालेले नसतात. तीन-चार महिन्यांत बाळ मान धरतं, पण मान धरली म्हणजे ती भक्कम झाली असं नाही. मागं तोंड करून बसवलेली सीट म्हणजे मानेखाली ठेवलेला हातच आहे. पन्नासच्या वेगातही न सुटणारा हात. म्हणूनच आज युरोपातल्या नव्या नियमात निदान १५ महिन्यांपर्यंत बाळाचं तोंड मागं ठेवायला सांगितलंय, आणि स्वीडनमध्ये तर चार वर्षांपर्यंत ठेवतात. नीट वापरलेल्या सीटमुळं धडकेत तान्ह्या बाळांचे मृत्यू साधारण ७० टक्क्यांनी कमी होतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

सीट आली म्हणून लोकांनी लगेच वापरली असं मात्र नाही. "आईची मांडी बरी" असं म्हणणाऱ्या आपण एकट्याच नाही. अमेरिकेत टेनेसी नावाचं राज्य आहे. तिथं रॉबर्ट सँडर्स नावाचे लहान मुलांचे डॉक्टर सरकारी आरोग्य खात्यात काम करत होते. गाडीत लहान मुलांना सीट सक्तीची करा म्हणून ते आणि त्यांच्या पत्नी आमदारांच्या मागं लागले. १९७७ साली कायदा मंजूर झाला आणि १ जानेवारी १९७८ ला लागू झाला. अमेरिकेतला तो पहिला असा कायदा. पण मंजूर करताना त्यात एक पळवाट ठेवली गेली होती: मोठ्या माणसानं बाळाला हातात घेतलेलं असेल तर सीटची गरज नाही. म्हणजे तीच मांडी. सँडर्स यांचं म्हणणं होतं की हे कलम लेकराला चिरडणारं आहे. ते पुन्हा भांडले आणि १९८१ साली ती पळवाट काढून टाकायला लावली. १९८५ पर्यंत अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांनी असे कायदे केले. सीट महाग पडणाऱ्या घरांसाठी दवाखान्यांनी आणि सेवाभावी मंडळांनी ती काही महिने वापरायला द्यायची पद्धत सुरू केली. ही गोष्ट लक्षात ठेवा, ती आपल्या कामाची आहे.

आपल्या देशात २०१९ साली मोटार वाहन कायद्यात बदल झाला. त्यात कलम १९४ ब आलं. १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा मुलांसाठीची सीट न लावता गाडी चालवली तर १००० रुपये दंड. मोटारसायकलचा नियम १५ फेब्रुवारी २०२२ ला निघाला: ४ वर्षांखालच्या मुलाला चालवणाऱ्याच्या अंगाशी बांधणारा पट्टा, ९ महिने ते ४ वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर त्याच्या मापाचं हेल्मेट, आणि गाडीचा वेग ४० च्या आत. आता आपल्याकडं काय दिसतं? पोर टाकीवर बसवलेलं, मागं आई, आईच्या हातात दुसरं. ९ महिन्यांच्या आतल्या बाळासाठी त्या नियमात हेल्मेटचं काही मापच दिलेलं नाही. इतक्या लहान बाळाला मोटारसायकलवर न्यायचंच नाही, असं आम्ही आमच्यापुरतं ठरवलंय.

आता गोष्टीचा दुसरा भाग. तो पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे, आणि सीट विकणारा दुकानदार तो सहसा सांगत नाही. बाळाला सीटमध्ये किती वेळ ठेवायचं?

सीट रस्त्यासाठी आहे. ती पाळणा नाही. बाळ तिच्यात पाठ टेकून, थोडं तिरकं, अर्धवट बसल्यासारखं असतं. मोठं, मान धरलेलं मूल डोकं कलंडलं तर सावरून घेतं. तान्ह्याला ते जमत नाही. झोप लागली की जड डोकं पुढं झुकतं आणि हनुवटी छातीला टेकते. बाळाची श्वासाची नळी बारीक आणि मऊ असते. ठिबकची नळी मुडपली की पुढं पाणी जात नाही ना, तसंच होतं. नळी दिसायला धड असते, पण आतून वाट अडलेली. आणि यात बाळ रडत नाही. रडायलाही श्वास लागतो. बघणाऱ्याला वाटतं, किती शांत झोपलंय.

हे डॉक्टरांच्या ध्यानात हळूहळू आलं. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळांना दवाखान्यातून घरी सोडण्याआधी सीटमध्ये बसवून त्यांचा श्वास आणि ऑक्सिजन तपासून बघावा, असा सल्ला अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं १९९१ पासून दिलाय. २०१६ साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टल विद्यापीठातल्या डॉक्टरांनी ४० नवजात बाळांना अर्धा-अर्धा तास सीटमध्ये बसवून बघितलं. गाडीत बसतात तसे हादरेही दिले. सपाट झोपवल्यावर असतात त्यापेक्षा बाळांच्या हृदयाचे ठोके आणि श्वास वाढले आणि रक्तातला ऑक्सिजन उतरला. त्यांनी "सीट वापरू नका" असं म्हटलं नाही. म्हटलं, सीट वापरा, पण लहान बाळाला फार वेळ तिच्यात ठेवू नका.

२०१९ साली अमेरिकेतून आणखी एक अभ्यास आला. २००४ ते २०१४ या काळात झोपेत दगावलेल्या ११,७७९ तान्ह्या बाळांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. त्यातली ३४८ बाळं बसायच्या साधनांत दगावली होती, आणि त्यातली निम्म्याहून जास्त कारसीटमध्ये. पण नीट ऐका. कारसीटमध्ये दगावलेल्यांपैकी जिथं सीट सांगितल्याप्रमाणं वापरली होती, अशी बाळं दहात एकही भरत नाहीत. बाकीच्यांच्या बाबतीत सीट गाडीतून काढून घरात ठेवलेली, बाळ तिच्यातच निजवलेलं, पट्टे सैल सोडलेले, असले प्रकार होते. गाडी थांबली तरी बाळ सीटमध्येच राहिलं, धोका तिथं झाला.

म्हणून नियम दोन. मोठ्या प्रवासात बाळाला सीटमध्ये एका वेळी दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही. आणि बाळ एक महिन्याच्या आतलं असेल, दिवस भरायच्या आधी जन्मलेलं असेल किंवा वजनानं फार कमी असेल, तर एका वेळी अर्धा तास. त्यानंतर गाडी बाजूला घ्यायची, बाळाला बाहेर काढायचं, थोडा वेळ सपाट निजवायचं, पाजायचं, ढेकर काढायचा, लंगोट बदलायचा, मग पुढं निघायचं. तान्ह्या बाळाचा लांबचा प्रवास टाळता येत असेल तर टाळलेलाच बरा. सव्वा महिना बाळंतिणीला घराबाहेर न काढायची आपली जुनी रीत इथं कामाला येते.

आता हे आपल्या रस्त्यावर लावून बघू. तिसगावहून नगरला साधारण तासभर लागतो. मान धरलेल्या, धडधाकट बाळासाठी मध्ये थांबायची गरज नाही. तान्हं असेल तर करंजीला एकदा थांबावं. पुण्याला जायला चार तासांच्या आसपास लागतात, म्हणजे नगरला एक थांबा आणि शिरूर नाहीतर रांजणगावला दुसरा. पुरुष मंडळी म्हणतील, "सारखं काय थांबायचं, एका दमात जाऊ." त्यांना सांगा की चहाला थांबताच ना, तेवढाच वेळ बाळालाही द्या. आणि गाडी चालू असताना बाळ रडलं तर चालत्या गाडीत त्याला सीटमधून काढून पाजायचं नाही. आधी गाडी थांबवायची. आईच्या मनाला हे जड जातं, पण धडक रडणं थांबेपर्यंत वाट बघत नाही.

सीट बांधायच्या चार गोष्टीही सांगून ठेवतो. सीट मागच्या बाकावर लावायची. पुढच्या सीटसमोर हवेची पिशवी, म्हणजे एअरबॅग, असते. ती धडकेत इतक्या जोरानं फुगते की पुढं ठेवलेल्या बाळाच्या जिवावर येते. सीट गाडीच्या पट्ट्यानं घट्ट बांधायची, धरून हलवली तर खालचा भाग बोटभरापेक्षा जास्त हलता कामा नये. बाळाचे पट्टे खांद्यावरून आले पाहिजेत आणि चिमटीत पकडता येणार नाहीत इतके अंगालगत पाहिजेत. पट्ट्याच्या आत जाड स्वेटर, दुपटं, गोधडी घालायची नाही, त्यानं पट्टा सैल राहतो. थंडी असेल तर पट्टे लावून झाल्यावर वरून पांघरायचं, तेही तोंडावर नाही. मानेमागं उशी खुपसायची नाही, तिनं डोकं आणखी पुढं ढकललं जातं. बाळाशेजारी मागं एक मोठं माणूस पट्टा लावून बसावं आणि त्याचं काम एकच: बाळाची हनुवटी छातीला टेकत नाही ना, हे बघायचं. आणि उन्हाळ्यात "दोन मिनिटांत येते" म्हणून बाळाला बंद गाडीत ठेवून कधीही उतरायचं नाही. आपल्याकडच्या उन्हात बंद गाडीची भट्टी व्हायला फार वेळ लागत नाही.

एसटीत ही सीट लावता येत नाही, हे आम्हाला माहीत आहे. मार्च २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट झालं, त्यामुळं बाळ घेऊन एसटीनं जाणाऱ्या बाया पुष्कळ आहेत. तिथं जे हातात आहे ते करायचं: दाराजवळची आणि सगळ्यात पुढची जागा टाळायची, बाळाला छातीशी कापडानं बांधून घ्यायचं, त्याचं तोंड उघडं आणि हनुवटी वर राहील असं. एसटी जड गाडी असते, तिच्यातला हिसका लहान गाडीपेक्षा कमी बसतो. बाळंतिणीसाठी सरकारनं १ जून २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम सुरू केलाय. सरकारी दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईला घरी सोडायला मोफत गाडी मिळते. ती मागून घ्या, आशाताईंना विचारा. मोटारसायकलवर तिघं बसून येण्यापेक्षा ती कधीही बरी.

ऊसतोडीला जाणाऱ्या आमच्या बहिणींना कारसीटचं सांगणं म्हणजे उपाशी माणसाला ताटाची मांडणी शिकवणं होईल. त्यांच्यासाठी आधीची पायरी आहे. ट्रॉली मालासाठी असते, माणसांसाठी नाही. बिऱ्हाड ट्रॉलीत जाऊ द्या, पण तान्हं बाळ असलेल्या बाईला मुकादमानं जीपनं नाहीतर एसटीनं न्यावं, हे उचल घेतानाच बोलून घ्यायचं. उचलीचा आकडा ठरतो तेव्हा हेही ठरलं पाहिजे. एकटीनं बोललं तर मुकादम ऐकणार नाही. गटातल्या दहा जणी बोलल्या तर त्याला ऐकावं लागेल.

आता शेवटचं. सीट काही हजारांना मिळते, आणि तान्ह्या बाळाची सीट वर्ष-सव्वा वर्षात बाळाला लहान पडते. प्रत्येक घरानं ती विकत घ्यायची काही गरज नाही. गटाची मोठी भांडी, सतरंज्या, खुर्च्या आपण लग्नकार्याला भाड्यानं देतोच. तशीच एक सीट ग्रामसंघानं घ्यावी, असं आम्ही मांडलंय. बाळ दवाखान्यातून घरी येताना, पुण्याला जाताना, देवदर्शनाला जाताना ज्या घराला हवी त्यानं नोंदवही भरून न्यावी, धुऊन परत आणावी. दोन गोष्टी मात्र पाळायच्या. सीट नवीनच घ्यायची, जुन्या बाजारातली नाही, कारण तिनं आधी धडक खाल्लीय का हे दिसत नाही. आणि आपल्या सीटनं कधी मोठी धडक खाल्ली, तर ती वरून कितीही चांगली दिसली तरी मोडीत काढायची.

काही जणी म्हणाल्या, वर्षातून दहा वेळा लागणाऱ्या वस्तूत पैसा कशाला अडकवायचा. त्यांचं म्हणणं आम्ही वहीत लिहून घेतलंय. त्याच पानावर या वर्षी आपल्या वाड्या-वस्त्यांवर कुणाकुणाला दिवस गेलेत, त्यातल्या किती जणी गाडीनं नगरला बाळंत व्हायला जाणार आहेत, ही यादीही आशाताईंना विचारून लिहायला घेतलीय. दोन्ही समोर ठेवून पुढच्या बैठकीत ठरवू. तुमच्या गावातही ही यादी करून बघा, आणि काय ठरलं ते आम्हाला कळवा.